पुराची बोट, उसाचे पेट्रोल

1 जूनला कोकण किनाऱ्यावर मासेमारीबंदी लागते. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याकडच्या होड्या वाळूवर ओढल्या जातात, मागच्या फळीवरची इंजिने उतरवली जातात आणि 31 जुलैपर्यंत पडवीत विसावतात. घाट चढून कोल्हापुरात आलात की नेमके उलटे चाललेले असते. वर्षभर गोदामात ताडपत्रीखाली पडलेली अगदी तशीच इंजिने त्याच जून महिन्यात बाहेर येतात, कारण पंचगंगा कधी पात्र सोडेल याचा नेम नसतो. यंत्र एकच, बनवणाऱ्या कंपन्याही बहुतेक त्याच. फरक इतकाच की मालवणातल्या इंजिनाला रोजचा समुद्र आहे आणि कोल्हापुरातल्याला वर्षातून आठ-पंधरा दिवसांचा पूर; एखाद्या वर्षी तोही नाही.

मालवणातले इंजिन खाऱ्या पाण्याने आणि झिजेने बिघडते. कोल्हापुरातले बिघडते ते पडून राहिल्याने. आणि पडून राहिलेल्या इंजिनात सगळ्यात आधी नासते ते पेट्रोल. पुरात बोट मध्येच बंद पडली की लोक पुराला, पावसाला, चालवणाऱ्याला बोल लावतात. माझ्या मते त्या बिघाडाची तारीख बहुतेक वेळा मागच्या दिवाळीच्या आसपासची असते.

बंद पडणे इथे किती महाग पडते, ते आधी बघू. पंचगंगेची पातळी कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोका पातळी. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि जुलै 2021 मध्ये त्याहूनही वर, 56 फुटांपलीकडे. अशा वेळी करवीर तालुक्यातली प्रयाग चिखली, आंबेवाडी ही गावे बेटे होतात. शिरोळ तालुक्याची गत याहून वाईट, कारण कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चारही नद्यांचे पाणी त्याच्या वाट्याला येते. नृसिंहवाडी, कुरुंदवाड, राजापूर, खिद्रापूर, अकिवाट या पट्ट्यात पाणी चढले की रस्ता, शेत, ओढा सगळे एकाच मापाचे होऊन जाते. वरून शांत दिसणाऱ्या त्या पाण्याखाली विजेच्या तारा असतात, विहिरींचे कठडे असतात, बांधावरची बाभळ असते.

तिथे इंजिन बंद पडले तर बोट जागेवर थांबत नाही. ती आधी आडवी होते, मग धार नेईल तिकडे जाते. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला 8 ऑगस्ट 2019 रोजी बोट उलटली आणि माणसे गेली, त्या दुर्घटनेत क्षमतेपेक्षा जास्त माणसे बोटीत होती. तो इंधनाचा बिघाड नव्हता. पण गर्दीने भरलेली बोट चालवणाऱ्याच्या हातातून सुटायला किती थोडा वेळ लागतो, हे त्या दिवशी सगळ्यांना कळले.

या भागातल्या लोकांना पाण्यावर तरंगायचे आणि वल्हवायचे कुणी शिकवावे लागत नाही. सांगलीजवळ कृष्णेत होड्यांच्या शर्यती होतात, नृसिंहवाडीच्या घाटावर नावाडी आहेत आणि पूर आला की गुऱ्हाळातली काहिल पाण्यात सोडून तिच्यातून माणसांची आणि म्हशींच्या चाऱ्याची ने-आण करणारेही आहेत. काहिलीत कार्बोरेटर नसतो, म्हणून ती बंद पडत नाही. ती गोल असल्याने धारेत फिरत राहते आणि धारेच्या विरुद्ध जात नाही, हा तिचा दोष. पुराचे पाणी छातीवर घेऊन वर जायचे असेल तर इंजिन लागतेच. रबरी बोटीला 25, 30 किंवा 40 हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड इंजिन, बोटीवरच्यांच्या भाषेत ‘ओबीएम’, लावतात ते यासाठी. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी अमेरिकेत मिलवॉकी शहरात 1909 च्या सुमारास अशी इंजिने विकायला सुरुवात केली, ती तळ्यावर मौज करणाऱ्यांसाठी. पुरात घराच्या माळ्यावरून माणसे उतरवायला ती वापरतील, हे त्यांच्या मनातही आले नसेल.

●

आउटबोर्ड इंजिनात पेट्रोलची वाट सरळ आहे. बोटीच्या तळावर 24-25 लिटरची सुटी टाकी. टाकीच्या झाकणावर हवा आत जाण्यासाठी एक स्क्रू. टाकीतून निघणाऱ्या रबरी पाइपवर मध्ये एक फुगा, तो हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचे. पाइपच्या टोकाला इंजिनात खटकन बसणारा कनेक्टर. आत गेल्यावर बारीक जाळीचा फिल्टर, मग डायफ्रामचा छोटा पंप आणि शेवटी कार्बोरेटर. डायफ्रामचा पंप इंजिनाच्याच आतल्या दाबाच्या चढउतारावर धडधडतो, त्याला वेगळी वीज लागत नाही. सुरुवातीला मात्र इंजिन फिरत नसल्याने पंपही चालत नाही, म्हणून फुगा दाबावा लागतो.

हा फुगा म्हणजे इंजिनाची नाडी आहे. बंद पडलेल्या इंजिनाशी झटणारी माणसे सहसा दोरी ओढत सुटतात, प्लग काढतात, एकमेकांवर ओरडतात. जाणता माणूस आधी खाली वाकून फुगा हातात घेतो. त्याला दोन गोष्टी कळायला हव्या असतात: पेट्रोल फुग्यापर्यंत येते का आणि फुग्यापासून पुढे जाते का.

फुगा चपटा होऊन तसाच राहिला असेल, तर टाकीकडून पेट्रोल यायला अडचण आहे. दहातल्या बऱ्याच वेळा झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद असतो. पेट्रोल जसे बाहेर जाते तशी त्याच्या जागी हवा यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी होते आणि पंप कितीही ओढत राहिला तरी काही येत नाही. या बिघाडाची गंमत अशी की इंजिन सुरू होताना काहीच कळत नाही. ते झकास चालते, मग काही मिनिटांनी गुदमरून थांबते. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर लवकर, अर्धी असेल तर उशिरा. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज येतो, पाच मिनिटांनी इंजिन पुन्हा सुरू होते आणि ‘आपोआप बरे झाले’ असे सगळ्यांना वाटते. थोड्या वेळाने ते पुन्हा थांबते.

स्क्रू बंद का असतो, याला पुरात खास कारण आहे. वाहतुकीत तो बंदच ठेवायचा असतो, नाहीतर ट्रकमध्ये पेट्रोल सांडते. बोट पाण्यात उतरवताना वरून पाऊस कोसळत असतो. टाकीत पाणी जाईल या भीतीने कुणीतरी तो पुन्हा घट्ट करतो. हेतू चांगला असतो, पण त्यानेच बोट थांबते. त्यावर उपाय आहे: स्क्रू उघडा ठेवायचा आणि टाकीवर प्लास्टिकचा कागद सैल टाकायचा.

फुगा दाबत राहिले तरी कडक होत नसेल तर कुठेतरी हवा शिरते आहे. टाकीत पेट्रोल आहे हे आधी डोळ्यांनी पाहायचे. काटा अडकलेला असतो, त्यावर जायचे नाही. मग पाइपची टोके, कनेक्टरमधली ओ-रिंग, फुग्याच्या आतल्या झडपा. ओ-रिंग म्हणजे दहा-वीस रुपयांचा रबराचा वळा. उन्हातान्हात वर्षभर पडून तो कडक होतो, चिरतो. मग तिथून पेट्रोल बाहेर गळतेच असे नाही. उलट पंप ओढू लागला की हवा आत येते, म्हणून ओलावा शोधून बिघाड सापडत नाही. फुगा उलटा लावलेला असणे हाही एक नमुना आहे. त्यावर बाण असतो आणि तो इंजिनाकडे हवा. पाइप बदलताना घाईत बाण कोण पाहतो?

फुगा चांगला कडक झाला आणि तरी इंजिन धरत नाही, असे झाले की अडचण पुढे आहे. एक खूण फार उपयोगाची. इंजिन चालू असताना फुगा सतत दाबत राहिल्यावर ते चालते आणि हात काढला की मरते, असे असेल तर डायफ्राम गेलेला आहे. ही दुरुस्ती पाण्यावर होत नाही. पण एका माणसाला फुग्यापाशी बसवून, हाताने पंप मारत बोट काठाला आणता येते आणि अशी आणलीही जाते. टाकी थोडी उंचावर धरल्यानेही मदत होते. उलट प्रकार म्हणजे कार्बोरेटरमधून पेट्रोल ओघळणे. फ्लोटची सुई कचऱ्याने उघडी अडकली की हे होते. तेव्हा दोरी ओढणे ताबडतोब थांबवायचे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते, आणि भिजलेल्या, भेदरलेल्या माणसांच्या गर्दीत कुणाच्या खिशातून बिडी-काडी निघेल याचा भरवसा नाही. टाकी भरायची तीही याच कारणाने बोटीत नाही, काठावर उतरवून, जमिनीवर ठेवून.

आता कार्बोरेटर. कोल्हापुरातल्या ओबीएमचा खरा आजार इथेच. कार्बोरेटरच्या वाटीत पेला-अर्धा पेला पेट्रोल उरते. इंजिन बंद करून तसेच ठेवले की त्यातला हलका, लवकर पेटणारा भाग उडून जातो आणि मागे चिकट, तपकिरी साका उरतो. संथ चालीसाठीच्या जेटचे भोक शिवणाच्या सुईच्या टोकाएवढे. ते बुजायला कितीसा साका लागतो? इंजिन चोक ओढल्यावर चालते आणि चोक ढकलला की थांबते, किंवा संथ चालीवर टिकत नाही पण वेगात बरे चालते, तेव्हा संशय याच जेटवर. संथ नीट, पण जोर मागितला की दम तोडते, तर मोठा जेट किंवा वाटेतला फिल्टर.

मोठ्या इंजिनांना दोन-तीन सिलिंडर आणि बऱ्याचदा तितकेच कार्बोरेटर असतात. त्यातला एक तुंबला तरी इंजिन बंद पडत नाही, म्हणून हा बिघाड जास्त फसवा. ते थरथरत, अर्ध्या जोराने चालत राहते. काठाजवळच्या संथ पाण्यात कुणाला कळत नाही. धारेला लागल्यावर बोट पुढे जाईना की कळते. वर टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळते. ज्या सिलिंडरला पेट्रोल कमी, त्याला ऑइलही कमी. पिस्टन तापतो आणि धरतो. मग ते इंजिन त्या पुरात पुन्हा सुरू होत नाही.

या दुरुस्त्यांसाठी कोल्हापूरइतके योग्य शहर शोधून सापडणार नाही, असे कुणीही म्हणेल. शिवाजी उद्यमनगरात लोखंडाची कुठलीही वस्तू दुरुस्त होते, नाही तर नवी करून मिळते. पण इथे एक अडचण गेल्या काही वर्षांत उभी राहिली आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम आले आणि नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. पेट्रोल आता संगणकाच्या हुकमाने फवारले जाते. टू-स्ट्रोक दुचाकी तर त्याच्या कितीतरी आधी गेल्या. आज पंचविशीत असलेल्या मेस्त्रीने स्कॅनर लावून दोष शोधायला शिकलेले असते. फ्लोटची उंची डोळ्याने जुळवण्याचा सराव त्याला कुठून असणार? ती कला उरली आहे ती जुनी आरएक्स 100 जीव लावून जपणाऱ्यांपाशी. 1985 ते 1996 या काळात भारतात बनलेल्या त्या गाडीचे वेड कोल्हापुरात अजून आहे आणि ती बनवणारी यामाहा बोटींची इंजिनेही बनवते. आपत्ती व्यवस्थापनाच्या यादीत अशा मेस्त्रींचे फोन नंबर असावेत, हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

●

आणि आता उसाकडे.

पंचगंगेच्या पुराचे पाणी ज्या उसात शिरते, तोच ऊस कारखान्यात जाऊन पेट्रोलच्या टाकीत उतरतो. शिरोळचा दत्त, टाकळीवाडीचा गुरुदत्त, हुपरीचा जवाहर, वारणा, बिद्री, कुंभी-कासारी ही कारखान्यांची नावे या जिल्ह्यात पोराबाळांना पाठ असतात. ऊस गाळल्यावर उरणाऱ्या मळीपासून किंवा थेट रसापासून इथेनॉल बनते आणि तेल कंपन्या ते पेट्रोलमध्ये मिसळतात. देशात ही योजना 2003 मध्ये 5 टक्क्यांपासून सुरू झाली, 2022 मध्ये 10 टक्क्यांचा टप्पा गाठला, 2023 पासून 20 टक्के मिश्रणाचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि 2025 पर्यंत तेच सर्वत्र झाले. या जिल्ह्यातला शेतकरी यावर तक्रार करणार नाही, करूही नये; उसाच्या बिलाचा त्यात हिस्सा आहे.

पण आउटबोर्ड इंजिने बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची पुस्तिका उघडली तर तिथे साधारण 10 टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी लिहिलेली दिसते. रोज चालणाऱ्या मोटारसायकलच्या टाकीत पेट्रोल आठवडाभर टिकत नाही, त्यामुळे तिथे मिश्रणाचा पाणी ओढण्याचा गुण उघडा पडायला वेळच मिळत नाही. गोदामातल्या ओबीएमला वेळच वेळ असतो.

इथेनॉल पाण्याला जवळ करते. थोडे पाणी त्यात विरघळून जाते आणि इंजिनातून निमूट बाहेरही पडते; तेवढ्यापुरता तो फायदाच. मात्र एका मर्यादेनंतर मिश्रण फाटते. 10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये 15 अंश तापमानाला ही मर्यादा साधारण अर्धा टक्का पाण्याची, म्हणजे 20 लिटरच्या टाकीत 100 मिलिलिटर, चहाच्या एका कपाएवढे. 20 टक्क्यांच्या मिश्रणात मर्यादा जास्त, पण फाटले तर खाली बसणारा थरही मोठा. 20 लिटरमध्ये 4 लिटर इथेनॉल असते, त्यातला मोठा भाग पाण्याबरोबर तळाला जातो. टाकीतली नळी पेट्रोल तळातूनच ओढते. इंजिनाला पहिला घोट मिळतो तो पाणी-इथेनॉलचा.

टू-स्ट्रोक इंजिनात हे आणखी घातक होते. त्याचे ऑइल पेट्रोलमध्ये विरघळलेले असते, इथेनॉल-पाण्यात नाही. थर फाटला की ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते आणि खालचा थर वंगणाशिवायच सिलिंडरकडे जातो. इंजिन चाललेच तर कोरडे चालते. वरचे पेट्रोलही पहिल्या प्रतीचे राहत नाही. इथेनॉलमुळे वाढलेला त्याचा ऑक्टेन उतरतो.

सगळा दोष इथेनॉलला देणे मला पटत नाही. दमट हवेतून बंद टाकीत एवढे पाणी यायला फार काळ लागतो. कपभर पाणी येते ते माणसांच्या हातून: धुऊन न वाळवलेल्या कॅनमधून, पावसात उघड्या ठेवलेल्या झाकणातून, एका कॅनचे दुसऱ्यात ओतताना ओल्या नरसाळ्यातून. पुरात पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाक्यांनाही पाण्याचा धोका असतो आणि म्हणून पाणी चढून गेलेल्या भागातले पंप तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करत नाहीत. तिथेही जुनी पाणी ओळखायची पेस्ट इथेनॉलच्या पेट्रोलला पुरत नाही, निराळी वापरावी लागते. इथेनॉलचा स्वतःचा एक वेगळा उपद्व्याप आहे. ते टाकीत आणि पाइपमध्ये वर्षानुवर्षे बसलेला मळ सोडवते, जुन्या रबराचा आतला पापुद्रा उचकटते आणि हे सगळे फिल्टरमध्ये आणून टाकते. चांगले चाललेले जुने इंजिन ताज्या पेट्रोलवर अचानक अडखळू लागते, त्याचे कारण बऱ्याचदा हे.

तपासायला प्रयोगशाळा नको. लोणच्याची काचेची स्वच्छ बरणी पुरते. टाकी न हलवता तळाकडचे थोडे पेट्रोल बरणीत काढायचे आणि उजेडात पंधरा-वीस मिनिटे ठेवायचे. दोन थर दिसले, गढूळ दिसले, तळाशी थेंब लोळताना दिसले की ते पेट्रोल बोटीसाठी संपले. त्यात ताजे पेट्रोल घालून ‘चालवून घेऊ’ म्हणणे धोक्याचे. फाटलेले मिश्रण ढवळून पुन्हा सांधत नाही. आंबटसर, वॉर्निशसारखा वास आला तर ते जुने झाले आहे. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सोडूनही अशीच चाचणी होते आणि पाण्यावर असताना वाटीत बसलेले पाणी काढून टाकायचा तोच मार्ग आहे.

●

ऑइलच्या बाबतीत कोल्हापुरी हात सढळ आहे आणि तिथेही घोटाळा होतो. बहुतेक टू-स्ट्रोक आउटबोर्डना रुळल्यानंतर 50 ला 1 हे प्रमाण लागते: 10 लिटरला 200 मिलिलिटर, 20 लिटरला 400. नव्या इंजिनाला सुरुवातीचे काही तास दुप्पट. ‘थोडे जास्त असू दे, इंजिन मऊ चालेल’ म्हणून अंदाजाने ओतलेल्या ऑइलने प्लग काळे होतात आणि पुरात इंजिन ‘मिसिंग’ मारते. कमी पडले तर काय होते ते वर आलेच. शिवाय गावात टू-स्ट्रोक ऑइल म्हटले की शेतावरच्या फवारणी पंपाचा किंवा गवत कापायच्या यंत्राचा डबा पुढे येतो. ती यंत्रे हवेने थंड होतात. बोटीचे इंजिन पाण्याने थंड होते आणि त्याला टीसी-डब्ल्यू 3 छापाचे ऑइल लागते. आणीबाणीत त्या यंत्रांचे ऑइलही चालते, पण ती सवय नको. ताफ्यात एखादे फोर-स्ट्रोक इंजिन असेल तर त्याच्या टाकीत ऑइल मिसळायचेच नसते. दोन्ही जातींची इंजिने आणि एकसारख्या लाल टाक्या एकाच गोदामात असतील तर टाक्यांवर रंगाने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

काही बिघाड इंधनाचे वाटतात आणि नसतात. चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची एक लाल दोरी असते. तिची क्लिप निघाली की इंजिन थांबते, क्लिप परत बसवल्याशिवाय सुरू होत नाही. चालवणारा पाण्यात पडला तर पंख्याने त्यालाच कापू नये म्हणून ती सोय. घाईत माणसे बोटीत ओढून घेताना कुणाच्या तरी हाताने क्लिप निघते आणि मग सगळे फुगा दाबत बसतात. म्हणून पहिली नजर क्लिपवर. पंख्यात उसाचा पाला, साडी, केबलची वायर गुंडाळली की इंजिन जड होऊन मरते. पाणी ओढायच्या जाळीवर प्लास्टिकची पिशवी बसली की मागून पडणारी पाण्याची धार थांबते आणि इंजिन तापून बंद पडते. शिरोळमध्ये पंख्याला उसाचा पाला अडकणे हे तर ठरलेले. बोट शेतातूनच जात असते.

टाकीत पेट्रोल संपणे, हाही बिघाडच. 40 हॉर्सपॉवरचे टू-स्ट्रोक पूर्ण जोरात तासाला 15 लिटरच्या आसपास पिते. म्हणजे भरलेली टाकी दीड तास. धारेविरुद्ध जाताना जोर पूर्णच लागतो. बोटीवरचा जुना हिशेब असा की एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, उरलेले शिल्लक. 2019 मध्ये या हिशेबाला जिल्ह्याच्या पातळीवर अर्थ आला. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन टँकर अडकले, शहरात इंधनाची टंचाई झाली आणि उरलेले पेट्रोल-डिझेल अत्यावश्यक कामांसाठी राखावे लागले. एनडीआरएफ, लष्कर, नौदल, तटरक्षक दल यांच्या बोटी जिल्ह्यात होत्या आणि त्यांच्या इंजिनांना लागणारे पेट्रोल पुराने कोंडलेल्या शहरातल्या साठ्यातूनही यायचे होते. अशा वेळी आहे त्या कॅनमधले, कधीचे ते न विचारता, टाकीत ओतले जाते. त्यावर टीका करणे काठावर बसून सोपे आहे. साठा आधीच सुरक्षित जागी, स्वच्छ कॅनमध्ये, भरल्याच्या तारखेसह असला तर ही वेळ येत नाही.

पावसाळ्याआधी बोटींची प्रात्यक्षिके होतात. अधिकारी येतात, जवान लाइफ जॅकेट घालून दाखवतात, बोट तळ्यात एक-दोन फेऱ्या मारते, वर्तमानपत्रात फोटो येतो. प्रात्यक्षिक आवश्यक आहे, पण त्यातून इंजिनाबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही, असे माझे मत आहे. त्या दिवशी पेट्रोल ताजे असते, पाणी संथ असते आणि फेरी इतकी छोटी असते की बंद स्क्रूचा किंवा अर्धवट तुंबलेल्या जेटचा दोष बाहेर यायला अवधीच मिळत नाही. शिवाय फेरी संपली की इंजिन पेट्रोलसकट परत गोदामात जाते. पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये. मधल्या महिना-दोन महिन्यांत वाटीतले पेट्रोल आटून साका होतो. म्हणजे तपासणीनेच बिघाडाची सोय केली. त्याऐवजी प्रात्यक्षिकात अर्धी भरलेली टाकी, सलग अर्धा तास पूर्ण जोर आणि शेवटी कनेक्टर काढून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवणे, एवढे केले तर कागदावर सही करण्याला अर्थ येईल. कनेक्टर काढून चालवण्याचा मुद्दा महत्त्वाचा आहे: वाटीतले पेट्रोल जळून संपते, साका धरायला काही उरत नाही. हे पाण्यात किंवा पाण्याच्या पिंपातच करायचे, कोरड्यावर नाही. कोरड्यावर पाण्याच्या पंपाचे रबर काही क्षणांत जळते.

जिल्हा प्रशासन, महापालिकेचा अग्निशमन विभाग, पूरपट्ट्यातल्या ग्रामपंचायती, व्हाइट आर्मीसारख्या स्वयंसेवी संस्था, इतक्यांचा पुरातल्या कामाशी संबंध येतो. बोट विकत घेण्यासाठी निधी मिळतो, उद्घाटन होते. दर महिन्याला अर्धा तास इंजिन चालवायला लागणाऱ्या 7-8 लिटर पेट्रोलचे बिल कोणत्या खात्यावर टाकायचे, यावर मात्र फाइल अडते. हे चित्र फक्त कोल्हापूरचे नाही. पण ज्या जिल्ह्याने 2005, 2019 आणि 2021 असे तीन मोठे पूर पाहिले, तिथे ते जास्त खुपते.

त्यामुळे इंजिनाचे खरे काम पाणी ओसरल्यावर, दसरा-दिवाळीच्या मधल्या मोकळ्या दिवसांत करायचे. गाळ-मातीचे पाणी आत फिरलेले असते, म्हणून स्वच्छ पाण्याच्या पिंपात दहा-पंधरा मिनिटे चालवायचे, कनेक्टर काढून वाटी रिकामी होऊ द्यायची, वाटीखालचा स्क्रू सोडून उरलेले थेंब काढायचे. प्लगच्या भोकातून थोडे ऑइल सोडून इंजिन हाताने दोन-चार वेळा फिरवायचे. फिल्टर आणि ओ-रिंग तेव्हाच बदलायच्या, जूनमध्ये नाही. जूनमध्ये दुकानात त्या मिळतीलच असे नाही. टाकी पूर्ण रिकामी करून, झाकण उघडे ठेवून, सावलीत वाळवायची. टाकीतून निघालेले पेट्रोल बरणीत स्वच्छ दिसले तर ऑइल मिसळलेले आहे हे ध्यानात ठेवून ते त्याच आठवड्यात गवत कापायच्या टू-स्ट्रोक यंत्रात संपवता येते. ऑफिसच्या जीपमध्ये नको. फाटलेले असेल तर झाकणबंद कॅनमध्ये वेगळे ठेवून, वर ‘खराब’ असे लिहून, जुने ऑइल नेणाऱ्याकडे द्यायचे. नदीत तर नाहीच, गटारातही नाही. गटार पंचगंगेलाच मिळते.